मे महिन्यातला मफलर

मे महिन्यात जळगावात लोकर मागणारा माणूस लोकांना कसा दिसतो, हे मला आमच्या पिंप्राळ्यातल्या फुलचंदशेठच्या दुकानात कळलं. भर दुपारची वेळ. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि डोक्याला ओला रुमाल बांधून मी गल्ल्यापुढे उभा होतो. "शेठ, लोकर आहे का?" असं मी अगदी सरळ विचारलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या पंख्याकडे पाहिलं, आणि मागच्या माठातून पेलाभर पाणी काढून माझ्यापुढे ठेवलं.

"बसा देवाभाऊ. ऊन लागलं वाटतं."

मला धक्काच बसला. सबंध उमर सरकारी नोकरीत घालवलेल्या माणसाने पूर्ण शुद्धीवर राहून एक वस्तू मागावी आणि दुकानदाराने त्याला पाणी पाजावं? मी पाणी प्यालो, कारण तहान लागलीच होती, आणि पुन्हा म्हणालो, "लोकर."

"तोरणाची ना? लाल-पिवळी आहे. लग्नसराई आहे, रुखवतासाठी नेतात बायका."

"तोरणाची नाही. मफलरची."

शेठनी दुसरा पेला भरला.

आता यात माझं काय चुकलं? आमची मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, सिव्हिल इंजिनिअर झाली आणि तिला नोकरी लागली ती थेट हिमाचलात, एका बोगद्याच्या कामावर. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. ही बातमी ऐकून मी इतका हादरलो की हातातली चहाची बशी मी तशीच खिशात ठेवायला गेलो. जळगाव जिल्ह्यात काय बोगदे नाहीत? नसतील, पण खोदता आले असते. त्यात तिच्या नेमणुकीच्या पाठोपाठ माझी बदली आली. प्रशासकीय कारणास्तव, जळगावहून धुळ्याला. माझ्यात काय प्रशासकीय कारण दडलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तर त्या आठवड्यात एकदा सगळे जेवायला बसलो होतो. मित्रा म्हणाली, "आई चटण्या देणार, आजी शेवया देणार. बाबा, तुम्हीपण स्वतःच्या हातानं काहीतरी करून द्या ना."

माझी बायको शिल्पा हसली. "तुझे बाबा हातानं फक्त सही करतात," ती म्हणाली, "आणि तीही वाचता येत नाही."

माणसाचा स्वाभिमान कुठे दुखावेल सांगता येत नाही. माझा वांग्याच्या भरिताच्या ताटावर दुखावला. समोर टीव्हीवर कुठल्याशा डोंगरावर बर्फ पडत होता आणि माणसं गळ्यात मफलर घालून फिरत होती. मी म्हणालो, "मी तुला मफलर विणून देईन."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर विषय तिथेच मिटला असता. मित्राने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "खरंच दिलात ना बाबा, तर मी पहिला बर्फ त्याच मफलरमध्ये बघेन. शब्द."

पोरीने शब्द दिला म्हटल्यावर बापाला मागे फिरता येत नाही. आणि खरं सांगतो, मला फिरायचंही नव्हतं. ती जाणार हे ऐकल्यापासून माझ्या छातीत जे काही चाललं होतं त्याला कुठेतरी कामाला लावणं गरजेचं होतं.

शेवटी फुलचंदशेठनी माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी लुधियानाहून मागवलेली अस्सल मेंढीची लोकर, खान्देशात खपली नाही म्हणून डांबरगोळ्यांत झोपलेली. रंग एकच, बाटलीसारखा हिरवा. वास असा की दुकानातलं मांजर बाहेर गेलं.

शिकवायला समोरच्या चारुलता मॅडम. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतलेली नाही. "सुई अशी धरतात? विळी आहे का ती?" हे त्यांचं पहिलं वाक्य. सुलट टाका, उलट टाका, पुन्हा सुलट. सुटीच्या दिवशी मी जे विणायचो ते त्या संध्याकाळी येऊन शांतपणे उसवायच्या आणि चहा पिऊन जायच्या. कूलरपुढे बसून मांडीवर लोकर घेतली की घामाने टाके सुईला चिकटायचे. आमची आक्का, म्हणजे माझी आई सुगंधाबाई, धरणगावकडची. ती दारात उभी राहून हे बघायची.

"देवा, हाई काय शे रे? भर उन्हायाम्हा गोधडी करी राहिना का?"

"मफलर आहे आक्का. मित्रासाठी."

"मंग लांब कर," आक्का म्हणाली.

लांबी हा मोठाच प्रश्न निघाला. मफलर किती लांब असतो? आम्हाला बांधायची पद्धत एकच ठाऊक. शिल्पा उन्हात स्कूटी काढते तेव्हा आधी डोकं, मग कान, मग नाक, मग मान, आणि वरून गाठ, फक्त डोळे उघडे. जळगावातली यच्चयावत बाई मे महिन्यात अशी दिसते, नवऱ्यालाही स्कूटीच्या नंबरावरून ओळखावी लागते. मी सुतळी घेतली आणि तसाच वेढा स्वतःच्या डोक्याला घालून मोजला. चारुलता मॅडम म्हणाल्या, थंडी उन्हापेक्षा आत शिरते, एक वेढा वाढवा. शेजारचे दोघे सहज डोकावले, त्यांनीही एकेक वेढा सुचवला. सुतळी भरली नऊ फूट. कॉलनीतल्या एकाही माणसाला यात काही खटकलं नाही.

एवढं घरी बसून विणणं शक्य नव्हतं, कारण मी रोज धुळ्याला बसने जात-येत होतो. म्हणून बसमध्ये विणायला लागलो. एरंडोलच्या अलीकडे शेजारच्या टोपीवाल्या आबांनी बराच वेळ माझ्या सुयांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई गेली का भाऊ?"

मला वाटलं, शिल्पा शाळेत शिकवते, सुटीतल्या प्रशिक्षणाला जाते, तिच्याबद्दल विचारताहेत. मी म्हणालो, "हो, सकाळीच गेली."

आबांनी टोपी काढली. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून "अगं माय!" म्हटलं. पारोळा येईपर्यंत मला तीन केळी मिळाली होती, कंडक्टरने खांद्यावर हात ठेवला होता, आणि एका बाईने आपली नणंद चांगली आहे, घर सांभाळेल, असंही सुचवून ठेवलं होतं. मी जीव तोडून सांगत होतो की माझी बायको जिवंत आहे. "असंच वाटतं भाऊ सुरुवातीले," आबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

खान्देशात बातमीला बस लागत नाही. मी संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग. आक्काच्या माहेरची पाच-सहा माणसं पांढऱ्या कपड्यांत धरणगावहून आली होती, आणि त्यांना दार शिल्पानेच उघडलं होतं, हातात झाडू घेऊन. एक मामी अजून ओट्यावर कांदा हुंगत बसलेली. शिल्पाने सगळ्यांना पिठलं-भाकरी केली, सगळे जेवून गेले, आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सकाळीच गेले का?" त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त मित्रामार्फत बोलायला लागली.

यापुढे बसमध्ये विणणं बंद. राहिलं ऑफिस. धुळ्यातल्या ज्या कार्यालयात मी होतो त्याचं नाव मी सांगणार नाही, माझी पेन्शन अजून व्हायची आहे. एका दुपारी वरिष्ठांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक होती. पडद्यावर मोठे साहेब, टेबलाशी आमचे साहेब, आणि मागच्या रांगेत मी, टेबलाखाली विणत. पडद्याकडे बघूनही टाके पडायला लागले होते, याचा मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. तेवढ्यात लोकरीचा गुंडा घरंगळला. आमच्या साहेबांची खुर्ची चाकांची. ते माहिती देताना पुढे सरकत, मागे सरकत, आणि प्रत्येक सरकण्यात लोकर चाकांत गुंडाळली जात होती. "आकडेवारी सादर करतो," म्हणून साहेब उभे राहिले. मी घाबरून लोकर खेचली. साहेब बसायला गेले तेव्हा खुर्ची माझ्याकडे येत होती.

पडद्यावरून आवाज आला, "तुमचे साहेब कुठे गेले?"

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. विषय : कार्यालयीन वेळेत लोकर व टोकदार साहित्य बाळगल्याबाबत. खुलासा द्या आणि सदर वस्तू जमा करा. मी दोन पानी खुलासा लिहिला, त्यात बोगदा, बर्फ, मुलीचा शब्द, सगळं घातलं. आणि मफलर जमा केला. पूर्ण व्हायला वीतभर राहिला होता हो!

साहेब मनाचे वाईट नव्हते. खुलासा वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "घेऊन जा, देवचंद. मुलीला आशीर्वाद सांगा." मी धावत भांडार विभागात गेलो. तिथल्या बेबाताई अतिशय काटेकोर बाई. म्हणाल्या, "आता कसं नेता येईल? जडवस्तूंमध्ये नोंद झाली. हिरवा कापडी पट्टा, लांब, नग एक."

"पण तो माझा आहे!"

"होता," बेबाताई म्हणाल्या. "आता शासनाचा आहे."

खुर्च्या, कपाटं, मोडका कूलर यांच्या रांगेत माझ्या पोरीचा मफलर शासकीय मालमत्ता होऊन बसला होता. त्याच संध्याकाळी बेबाताई भांडाराची किल्ली कमरेला खोचून भाचीच्या लग्नाला नरडाण्याला निघून गेल्या. पौर्णिमा जवळ येत चाललेली. मी नरडाण्याला गेलो. मांडवात मला वराकडचा समजून फेटा बांधला, वधूकडचा समजून वाढायला लावलं, आणि शेवटी हळद लागलेल्या बेबाताई पंक्तीत सापडल्या, तर त्यांनी माझ्या पानात जिलेबी वाढून सांगितलं, "किल्ली दिली तरी काय उपयोग? निर्लेखन करावं लागेल."

निर्लेखन म्हणजे काय ते ज्यांचं नशीब चांगलं आहे त्यांना ठाऊक नसतं. सरकारी वस्तू मोडली, कुजली, कामातून गेली, की तिघांची समिती तसं लिहून देते आणि मग ती वस्तू सरकारच्या दप्तरातून सुटते. साहेब म्हणाले, "हा एकच मार्ग आहे, देवचंद. मन घट्ट करा."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी समिती बसली. साहेब, बेबाताई आणि एक शाखा अभियंता. माझा मफलर टेबलावर पसरला, तर तो दोन्हीकडून खाली लोंबला. अभियंत्यांनी तो टेपने मोजला. एका जागी मी सुलटच्या जागी उलट विणलं होतं तिथे त्यांनी बोट घातलं, ते आरपार गेलं. "याला भेग म्हणायची का?" त्यांनी विचारलं. बेबाताईंनी कडा पाहून जीभ चावली. माझी आशा होती की निदान कुणीतरी एकजण विरोध नोंदवेल, म्हणेल, अहो, इतका काही वाईट नाही. पण कागदावर आलं ते असं : सदर वस्तूची समक्ष पाहणी केली असता ती कोणत्याही प्रयोजनास वापरण्यायोग्य नाही, याबाबत समितीचे एकमत आहे. खाली पोच म्हणून माझी सही. शिल्पा म्हणते तशी, वाचता न येणारी.

पण मफलर सुटला. बसमध्ये मी तो पोटाशी धरून बसलो. घरी आल्यावर राहिलेलं वीतभर विणलं, चारुलता मॅडमनी टाके बंद करून दिले, आणि प्रथमच काही न उसवता चहा प्याल्या. "पहिल्या प्रयत्नाला ठीक आहे," त्या म्हणाल्या. मला त्या रात्री शांत झोप लागली.

पौर्णिमेला सकाळी आम्ही विहारात गेलो. पांढरे कपडे, वंदना, खीरदान, भेटीगाठी. मित्राला जो तो पोटाशी धरत होता. आक्का ऊन सोसत नाही म्हणून घरीच राहिली होती. दुपारी परत आलो तर गच्चीच्या दोरीवर काहीतरी हिरवं वाळत होतं. मला वाटलं, पायपुसणं असेल.

"आक्का," मी म्हणालो, "मफलर कुठे आहे?"

आक्काच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "भयान वास मारी राहिंतं रे ते. पोर परमुलूखम्हा जाई राहिनी, लोके काय म्हनतीन? मी बठ्ठं धुई टाकं."

"गरम पाण्यात?"

"नही रे बापा. नळनं पानी लिधं."

नळाचं पाणी! परगावच्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडे मार्च लागला की गिझर बंद करतात, कारण गच्चीवरची टाकीच गिझर होते. भर दुपारी नळाखाली हात धरला तर माणूस ओरडतो. अंघोळीला पहाटेच बादली भरून निववत ठेवतात. आणि त्या पाण्यात माझ्या आईने अस्सल मेंढीची लोकर बुडवली होती.

"आन् चांगलं धोपटं," आक्का पुढे म्हणाली. "मेंढरूनं केस शेतस, मळ राहस त्याम्हा."

मी दोरीवरून ते काढलं. नऊ फुटांचं जे होतं ते गळ्याला एक वेढा बसेल, तोही ओढूनताणून, एवढंच उरलं होतं. टाके दिसेनासे होऊन घोंगडीसारखं घट्ट झालेलं, एका टोकाला वर वळलेलं. समितीचं म्हणणं उशिरा का होईना खरं ठरलं होतं. मी ते दोन्ही टोकांना धरून ओढून पाहिलं. आक्काच्या लक्षात आलं तशी तिने पदर तोंडाला लावला, "मन्हा हाते वाटोळं व्हयनं का रे?" मीही गच्चीच्या कठड्याला टेकून रडलो. लाज कसली त्यात. पोरगी उद्या जाणार आणि बापाकडे द्यायला हातभर घोंगडीचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर मी ते पिशवीतून काढलंच नाही. चटण्या दिल्या, शेवया दिल्या, कळण्याचं पीठ दिलं. गाडीची घोषणा झाली. मित्रा म्हणाली, "बाबा, माझा मफलर?"

"तो नाही झाला गं," मी म्हणालो. "म्हणजे झाला होता."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तो काढला. उलटसुलट करून पाहिला. मग भर मे महिन्यात, फलाटावरच्या त्या भट्टीत, तिने तो गळ्याभोवती घातला आणि समोर गाठ मारली. गाठ जेमतेम बसली. लोक वळून बघायला लागले. एका हमालाने डोक्यावरचं ओझं खाली ठेवून बघितलं. घाम तिच्या गालांवरून त्या मफलरमध्ये उतरत होता, आणि गाडी सुटून डबा दिसेनासा होईपर्यंत तिने तो काढला नाही. शिल्पा माझ्याशी थेट बोलली. म्हणाली, "चला घरी."

नोव्हेंबरात एका संध्याकाळी फोटो आला. सगळीकडे पांढरं, आणि मध्ये मित्रा, गळ्यात हिरवा मफलर. खाली लिहिलं होतं, "पहिला बर्फ. शब्द पाळला." मी तो फोटो आक्काला दाखवला, चारुलता मॅडमना दाखवला, धुळ्याच्या ऑफिसात पाठवला. बेबाताईंनी अंगठा पाठवला. मी असा तरंगत असतानाच दुसरा फोटो आला.

त्यात मफलर तोच होता. गळा दुसरा होता. एका उंच, दाढीवाल्या तरुणाचा.

मी फोन शिल्पापुढे धरला. "शिल्पा! हा कोण?"

"तेजस," भाजी निवडता निवडता शिल्पा म्हणाली. "तिच्याच बोगद्यावर आहे. आपल्या जिल्ह्यातलाच, चोपड्याचा."

"चोपड्याचा? इतक्या लांब जाऊन चोपड्याचाच?" मी ओरडलो. "तुला माहीत होतं?"

"माले कव्हयनं ठाऊक शे," आतून आक्का म्हणाली. "पोरगा चांगला शे."

चारुलता मॅडमनाही ठाऊक होतं. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्हाला धक्का बसतो." मी खुर्चीत बसलो. घरात एवढी मोठी गोष्ट घडत होती आणि मी टाके मोजत होतो! बराच वेळ मी रागावून बसलो, पण मी रागावलोय हे कुणाच्या लक्षात येईना, म्हणून पुन्हा फोटो काढून पाहिला.

फोटोत त्या पोराच्या शेजारी मित्रा उभी होती. मोठ्याने हसत होती. तिचा गळा उघडा होता आणि जाकिटाच्या कॉलरवर बर्फ पडत होता. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कानही उघडेच होते. नऊ फूट राहिला असता तर दोघांच्या गळ्यात आला असता, असं माझ्या मनात आलं, आणि मी चपला घातल्या.

फुलचंदशेठच्या दुकानात स्वेटरांची थप्पी लागली होती. शेठनी मला पाहिलं आणि आपणहून माळ्याकडे बोट केलं. "हिरवी उरली आहे, देवाभाऊ. किती काढू?"

"दोघांना पुरेल एवढी," मी म्हणालो.

हे मी काय बोलून बसलो ते ऐकून मला असा काही धक्का बसला की शेठनी न विचारता माठातून पेलाभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.